फिगर स्केटिंगच्या कार्यक्रमासाठी संगीत कसे निवडावे

फिगर स्केटिंगच्या कार्यक्रमाचे संगीत शोधताना बहुतेक जण आपल्या आवडीच्या गाण्यांपासून सुरुवात करतात, आणि ते योग्यच आहे, कारण जे संगीत संपूर्ण हंगामभर जवळजवळ रोज ऐकायचे आहे ते मुळात आवडलेच पाहिजे. मात्र खुर्चीत बसून ऐकताना मन वेधून घेणारी रचना बर्फावर उपयोगी पडेलच असे नाही. उडीपूर्वीची तयारी, गिरकीचा वाढता वेग, पावलांची गुंफण आणि शेवटच्या अर्ध्या मिनिटातील थकवा हे सारे त्या संगीताला सांभाळून घ्यावे लागते. म्हणून पुढे निवडीची जी पद्धत सांगितली आहे तिचे सूत्र एकच आहे : संगीताची रचना आणि त्या विशिष्ट स्केटरची चाल यांचा मेळ सर्वप्रथम पाहावा, आणि तो प्रत्यक्ष बर्फावर तपासल्याखेरीज कोणतीही निवड पक्की समजू नये.

नियम आधी वाचावेत

शोध सुरू करण्यापूर्वी ज्या गटात आणि ज्या स्पर्धेत उतरायचे आहे त्याची चालू हंगामाची नियमावली समोर ठेवावी. आंतरराष्ट्रीय स्केटिंग संघटना म्हणजे आयएसयू हिच्या स्पर्धांमध्ये एकेरी आणि जोडी या प्रकारांसाठी शॉर्ट प्रोग्रॅम, म्हणजे उड्या, गिरक्या यांसारख्या ठरवून दिलेल्या घटकांचा छोटा कार्यक्रम, २ मिनिटे ४० सेकंदांचा असतो; फ्री स्केट, म्हणजे त्यानंतरचा लांब आणि अधिक मोकळा कार्यक्रम, वरिष्ठ गटासाठी ४ मिनिटांचा आणि कनिष्ठ गटासाठी ३ मिनिटे ३० सेकंदांचा असतो. आइस डान्स, म्हणजे दोघांनी मोठ्या उड्यांशिवाय करायचा नृत्यप्रधान प्रकार, त्यातील ऱ्हिदम डान्स या पहिल्या, छोट्या नृत्याची वेळ २ मिनिटे ५० सेकंद आहे. या सर्व वेळांत दहा सेकंद कमी किंवा जास्त चालतात; त्यापलीकडे मात्र दर पाच सेकंदांच्या फरकामागे एक गुण कापला जातो. सुरुवातीच्या पातळ्यांवरील वेळा प्रत्येक देशाचा महासंघ स्वतंत्रपणे ठरवतो आणि त्या बऱ्याच कमी असतात.

वेळ मोजली जाते ती स्केटर हालचाल सुरू करतो त्या क्षणापासून तो पूर्ण थांबेपर्यंत. हा तपशील वरवर किरकोळ वाटतो, पण त्याने इतिहास घडवला आहे. १९८४ च्या सारायेव्हो ऑलिंपिकसाठी जेन टॉर्व्हिल आणि ख्रिस्तोफर डीन या ब्रिटिश आइस डान्स जोडीने मॉरिस राव्हेल यांची ‘बोलेरो’ ही सुमारे पंधरा मिनिटांची रचना निवडली. कमाल मर्यादा ४ मिनिटे १० सेकंदांची होती, आणि रचनेचा डौल न बिघडवता ती ४ मिनिटे २८ सेकंदांहून लहान होईना. त्या काळी वेळ स्केटचे पाते बर्फाला टेकून स्केटिंग सुरू झाल्यापासून मोजत असत, म्हणून त्या दोघांनी पहिले अठरा सेकंद गुडघ्यांवर राहूनच नृत्य केले. त्यांना कलात्मकतेसाठी सर्व नऊ परीक्षकांनी ६.० हे पूर्ण गुण दिले. आजच्या नियमात गुडघ्यांवरची हालचालदेखील मोजली जाते, त्यामुळे ती वाट बंद झाली आहे. परंतु नियम बारकाईने वाचणाऱ्याला संगीताचे हित साधता येते, हे त्या उदाहरणातून आजही शिकण्यासारखे आहे.

गायनाविषयीही नियम तपासावा. एकेरी आणि जोडी प्रकारांत शब्द असलेल्या गाण्यांना २०१४-१५ च्या हंगामापासून परवानगी मिळाली. आइस डान्समध्ये ती त्याआधीपासून होती. आइस डान्सला आणखी दोन बंधने आहेत. तेथे ऐकू येणारा ठेका जवळजवळ सर्वत्र असावा लागतो, नुसत्या सुरावटीवर भागत नाही. आणि ऱ्हिदम डान्सचा विषय आयएसयू दर हंगामाला ठरवून देते, जसा २०२३-२४ मध्ये १९८० च्या दशकाचे संगीत हा विषय होता. त्यामुळे आइस डान्समध्ये निम्मा शोध त्या विषयाच्या कक्षेतच करावा लागतो.

कोणासाठी निवडतो आहोत

यानंतर स्केटरकडे लक्ष द्यावे, आणि या टप्प्यावर पुरेसा वेळ घालवावा. विलंबित लयीचे संगीत सोपे असते असा एक सार्वत्रिक समज आहे, आणि तो नवशिक्यांना फार महागात पडतो. संथ सुरावट चालू असताना एकाच पायावर दीर्घकाळ, वेग न गमावता घसरत राहावे लागते. ज्याच्या पात्याची कड अजून खोल आणि स्थिर नाही त्याचा वेग स्वर संपण्याआधीच संपतो, आणि मग संगीत पुढे जात असताना शरीर थांबल्यासारखे दिसते. याउलट फार द्रुत संगीतात पावले कशीबशी पोहोचतात, पण हात, खांदे आणि मान मागे राहतात. पात्यांची खरखर वाढते आणि प्रत्येक हालचाल अर्धवट सोडल्यासारखी वाटते. शिकाऊ स्केटरसाठी मध्यम लयीचे, स्पष्ट ठेक्याचे आणि वाक्ये लहान असलेले संगीत बहुधा सर्वांत लाभदायक ठरते, कारण चूक झाली तरी पुढच्या वाक्याच्या सुरुवातीला पुन्हा लय पकडता येते.

शरीराची ठेवणही विचारात घ्यावी. उंच आणि लांब हातापायांच्या स्केटरला हात पूर्ण पसरून परत आणण्यास अधिक वेळ लागतो. त्याला लांब पल्ल्याची सुरावट शोभते. आखूड, झटपट हालचाली करणाऱ्याला तुटक स्वरांचे आणि तालवाद्यांचे संगीत खुलवते. हे काही अटळ नियम नाहीत, पण पहिल्या दोन-तीन हंगामांत स्वाभाविक चालीच्या बाजूने जाणे आणि त्यानंतर शॉर्ट प्रोग्रॅमसारख्या छोट्या कार्यक्रमात मुद्दाम निराळी शैली घेऊन पाहणे, हा क्रम मला सर्वांत सुरक्षित वाटतो. छोट्या कार्यक्रमात नवी शैली अंगवळणी पाडायला कमी साहित्य असते, आणि ती जमली तर पुढच्या वर्षी फ्री स्केटसाठी निवडीचे क्षेत्र मोठे होते.

वयाचा प्रश्न नाजूक आहे. दहा-अकरा वर्षांच्या मुलीला विरहाचे किंवा उद्ध्वस्त प्रेमाचे संगीत दिले की ती चेहऱ्यावर शिकवलेले भाव आणते आणि पाहणाऱ्याला अवघडल्यासारखे होते. तिला कुतूहल, खेळकरपणा, धाडस, भीती, विजयाचा आनंद हे सारे अनुभवाने ठाऊक असते, आणि या भावनांचे उत्तम संगीत विपुल उपलब्ध आहे. मुलांना केवळ गमतीदार चालीच द्याव्यात असे मात्र अजिबात नाही. गंभीर संगीत मुलांना कळते, फक्त त्यातील भाव त्यांच्या ओळखीचा असावा. अंतिम निवडीत मुलाचा होकार खरा असला पाहिजे. पालकांच्या किंवा प्रशिक्षकांच्या आवडीखातर स्वीकारलेले संगीत सरावात टाळले जाते, आणि अशा कार्यक्रमाला स्पर्धेत जीव येत नाही.

येथे एक साधी चाचणी करावी. निवडलेल्या चार-पाच रचना रिंकवर वाजवाव्यात आणि स्केटरला कोणतीही सूचना न देता केवळ मोकळेपणाने फेऱ्या मारू द्याव्यात, उड्या नाहीत की ठरवलेली पावले नाहीत. ज्या रचनेत त्याचे ढकल आपोआप मात्रांवर पडू लागतात, गुडघे खोल वाकतात आणि वेग न सांगता वाढतो, ती रचना पुढच्या फेरीत घ्यावी. दुसऱ्या एखाद्या रचनेवर तो ‘हे मला फार आवडते’ असे म्हणत असला आणि तरीही पाय मात्रांच्या मागे-पुढे होत असले, तर शंका घ्यावी.

रचनेचा नकाशा

आता कागद घेऊन बसावे. पहिल्यांदा रचना संपूर्ण ऐकावी आणि काहीही लिहू नये. दुसऱ्यांदा ऐकताना बदलाच्या जागा मिनिट-सेकंदांसह नोंदवाव्यात : नवे वाद्य कोठे येते, लय कोठे बदलते, आवाज कोठे चढतो, शांतता कोठे आहे. तिसऱ्यांदा मात्रा मोजाव्यात आणि त्या आठ-आठच्या गटांत मांडाव्यात. दर मिनिटाला १२० मात्रांची लय असेल तर आठ मात्रांना चार सेकंद लागतात, म्हणजे चार मिनिटांच्या फ्री स्केटमध्ये असे साठ गट मिळतात. ९० मात्रांच्या लयीत तेवढ्याच वेळात पंचेचाळीस. हे आकडे हाती आले की कोणत्या घटकाला किती गट लागतील याचा हिशेब स्वच्छ होतो आणि संगीताविषयीची चर्चा ‘छान वाटते’ या पातळीवरून पुढे सरकते.

उडीचा हिशेब उलट्या दिशेने करावा. उडी हवेत एका सेकंदाहून बरीच कमी असते, पण तिच्या आधीची तयारी आणि नंतरचा उतार मिळून कित्येक सेकंद जातात. पाहणाऱ्याच्या डोळ्यांत भरते ते उतरणे, म्हणून उतरण्याचा क्षण समेवर यावा आणि त्यानंतरचे लांब घसरणे स्वराच्या गुंजनात मिसळावे. समेची जागा आधी निश्चित करून तेथून मात्रा मागे मोजत गेले, की तयारी कोणत्या जागी सुरू झाली पाहिजे ते कळते. त्या मागच्या जागेत जर संगीत अचानक थांबत असेल, लय ओढली जात असेल किंवा ठेका अस्पष्ट होत असेल, तर ती सम कितीही भारदस्त असली तरी अवघड उडीसाठी निरुपयोगी आहे. सर्वांत कठीण उडी बहुधा कार्यक्रमाच्या सुरुवातीच्या भागात असते. म्हणून पहिल्या मिनिटात लय स्थिर असलेली रचना हवी. नाट्यमय, तुटक, लयीचा अंदाज न देणारी सुरुवात ऐकायला रोमांचक असते, पण ती उडीच्या तयारीला आधार देत नाही.

उत्तरार्धाचाही विचार येथेच करावा. उशिरा केलेल्या उड्यांना दहा टक्के अधिक मूळ गुण मिळतात, आणि २०१८-१९ च्या हंगामापासून हा लाभ शॉर्ट प्रोग्रॅममध्ये शेवटच्या एका आणि फ्री स्केटमध्ये शेवटच्या तीन उड्यांपुरता ठेवण्यात आला. म्हणजे थकलेल्या पायांनी मारलेल्या याच उड्यांना संगीताची साथ सर्वाधिक लागते. यासाठी साधारण निम्म्यावर एक शांत भाग असावा, जिथे स्केटर श्वास सावरू शकेल आणि तरीही दृश्य रिकामे दिसणार नाही, आणि त्यानंतर पुन्हा दमदार, नियमित ठेका सुरू व्हावा. ज्या रचना पहिल्या सुरापासून शेवटपर्यंत सारख्याच जोराने वाजतात त्या स्केटरला दमवतात, आणि तिसऱ्या मिनिटापर्यंत परीक्षकांचेही कान बोथट होतात.

गिरकीसाठी लांब धरलेला स्वर किंवा चढत जाणारा वेग, दोन्ही चालतात. गैरसोयीचे असते ते गिरकीच्या मध्यावर संगीताचे वाक्य संपणे. पावलांच्या रांगेला, म्हणजे स्टेप सिक्वेन्सला, गुंतागुंतीचे संगीत द्यावे. एकाच वेळी ठेका एक सांगतो आहे, सुरावट दुसरे काही सांगते आहे, मधूनच एखादे वाद्य उत्तर देते आहे, अशा भागात पाय ठेक्याबरोबर आणि हात सुरावटीबरोबर जाऊ शकतात, आणि स्केटरला संगीत किती खोलवर ऐकू येते हे त्या अर्ध्या मिनिटात दिसते. २०२२ पासून कार्यक्रमाच्या कलात्मक बाजूला रचना, सादरीकरण आणि स्केटिंग कौशल्य अशा तीन शीर्षकांखाली गुण दिले जातात. संगीताचा अर्थ लावण्याला पूर्वी स्वतंत्र शीर्षक होते, ते आता उरलेले नाही. तरी संगीताची जाण सादरीकरणात मोजली जातेच, आणि माझ्या मते ती स्टेप सिक्वेन्समध्ये सर्वांत स्पष्ट दिसते.

शेवट कसा आहे हे निवडीच्या वेळीच ऐकावे. हळूहळू विरत जाणारा शेवट ध्वनिमुद्रणात सुंदर असला तरी रिंकवर प्रेक्षकांना कार्यक्रम संपला की नाही हे कळत नाही, आणि स्केटर थांबण्याचा क्षण निसटतो. निर्णायक शेवटचा ठोका असावा, किंवा अगदी मृदू शेवट हवा असेल तर त्याची शेवटची मात्रा नेमकी ऐकू यावी.

परिचित रचना घ्यावी का

काही रचना फिगर स्केटिंगमध्ये इतक्या वेळा वापरल्या गेल्या आहेत की त्यांचा पहिला स्वर ऐकताच प्रेक्षकांना मागचे कार्यक्रम आठवतात : बिझे यांची ‘कार्मेन’, चायकोव्हस्की यांचे ‘स्वान लेक’, रिम्स्की-कोर्साकोव्ह यांची ‘शेहेराझाद’, राख्मानिनॉव्ह यांचा दुसरा पियानो कॉन्सर्टो. १९८८ च्या कॅल्गरी ऑलिंपिकमध्ये कातारिना विट आणि डेबी थॉमस या दोघींनीही फ्री स्केटसाठी ‘कार्मेन’च घेतले होते, विटला सुवर्ण मिळाले आणि थॉमसला कांस्य. विटने कार्मेन या नायिकेची कथा तिच्या मृत्यूपर्यंत नेली होती.

अशा रचना घेऊ नयेत असे मी म्हणणार नाही. त्या वारंवार घेतल्या जातात याचे कारण त्यांची बांधणीच स्केटिंगला पोषक आहे : ठळक ठेका, स्पष्ट वाक्ये, चढउतार आणि ठाम शेवट. पण त्या घेणाऱ्याने एका प्रश्नाचे उत्तर आधी द्यावे, की या रचनेतील कोणता भाग, कोणते वाद्य किंवा कोणता भाव आपण असा दाखवणार आहोत जो सहसा दाखवला जात नाही. उत्तर नसेल तर त्याच संगीतकाराची कमी ऐकलेली रचना शोधावी, किंवा तीच रचना वेगळ्या वाद्यसमूहाने वाजवलेली ऐकावी. किम युनाने २०१० च्या व्हँकुव्हर ऑलिंपिकमध्ये फ्री स्केटसाठी गेर्श्विन यांचा ‘कॉन्सर्टो इन एफ’ घेतला होता. संगीतकार सर्वांच्या ओळखीचा, पण ही रचना रिंकवर तुलनेने कमी वाजलेली, आणि तिच्यातील जाझची लवचिक लय किमच्या वेगवान, सलग घसरण्याला तंतोतंत जुळणारी होती. चांगल्या निवडीचा याहून उत्तम नमुना मला तरी सुचत नाही.

शब्द आणि परंपरा

गाण्याचे शब्द वापरायचे असतील तर संपूर्ण गाण्याचा अर्थ समजून घ्यावा, मग ते कोणत्याही भाषेत असो. कापलेल्या तुकड्यात आक्षेपार्ह ओळ नसली तरी मूळ गाणे कशाविषयी आहे हे परीक्षकांना आणि प्रेक्षकांना ठाऊक असू शकते. दुसरा धोका असा की शब्द ऐकताच त्यांचे शब्दशः अभिनय करण्याचा मोह होतो. ‘हृदय’ म्हटले की हात छातीवर जातो, ‘आकाश’ म्हटले की नजर वर जाते. गायकाचा श्वास, आवाजातील कंप, एखादा लांबवलेला स्वर यांकडे लक्ष देणारे नृत्य त्यापेक्षा कितीतरी अधिक काळ ताजे राहते. शिवाय गाण्यात कडवे आणि ध्रुवपद यांची पुनरावृत्ती असते, त्यामुळे चढउतार कमी पडतात. दोन ध्रुवपदांमधील वाद्यांचा भाग कापण्यापूर्वी दोनदा विचार करावा, कारण पुष्कळदा तोच स्टेप सिक्वेन्ससाठी उत्तम असतो.

दुसऱ्या समाजाचे संगीत घेताना अभ्यास करणे बंधनकारक मानावे. २००९-१० च्या हंगामात आइस डान्सच्या ओरिजिनल डान्सचा, म्हणजे ठरवून दिलेल्या विषयावरच्या तेव्हाच्या नृत्याचा, विषय लोकनृत्य हा होता. मेरिल डेव्हिस आणि चार्ली व्हाइट या अमेरिकन जोडीने भारतीय चित्रपटगीतांवर नृत्य बसवले आणि त्यासाठी भारतीय नृत्याच्या जाणकार शिक्षिकेकडून हस्तमुद्रा, मान आणि डोळ्यांच्या हालचाली शिकून घेतल्या. त्या कार्यक्रमाचे भारतीय प्रेक्षकांनीही स्वागत केले. त्याच हंगामात ओक्साना डोम्निना आणि मॅक्सिम शाबालिन या रशियन जोडीने ऑस्ट्रेलियातील आदिवासी संस्कृतीवर बेतलेले नृत्य सादर केले, आणि ऑस्ट्रेलियातील आदिवासी नेत्यांनी त्यावर उघड आक्षेप घेतला. दोन्ही जोड्या कुशल होत्या, विषयही एकच होता. ज्यांचे संगीत घेतले त्यांच्याकडे जाऊन शिकण्याने केवढा फरक पडतो हे येथे स्पष्ट दिसते.

संगीताची कापणी

मूळ रचना क्वचितच योग्य लांबीची असते, म्हणून कापणी अटळ आहे. कापण्याची जागा नेहमी वाक्याच्या शेवटी असावी आणि पुढचा तुकडा समेपासून सुरू व्हावा, म्हणजे मात्रांची मोजणी अखंड राहते. सांध्यावर पाय थिरकवून पाहावा. पाय अडखळला तर एखादी मात्रा गळली आहे किंवा वाढली आहे असे समजावे. दोन तुकड्यांची स्वरपट्टी वेगळी असेल तर थेट जोड कानाला खुपतो. अशा वेळी ताशाचा कडकडाट, झांजेचा आवाज किंवा क्षणभराची शांतता मध्ये ठेवावी, अथवा मूळ रचनेतच पट्टी बदलते ती जागा शोधावी. एकाच रचनेची दोन निरनिराळी ध्वनिमुद्रणे जोडणे शक्यतो टाळावे, कारण त्यांची लय, वाद्यांची सुरावणी आणि खोलीचा घुमारा जुळत नाही.

चार मिनिटांत दोन किंवा फार तर तीन रचना असाव्यात असे माझे ठाम मत आहे. प्रत्येक घटकासाठी सोयीचा तुकडा आणून चिकटवला की घटकांना संगीत मिळते, पण कार्यक्रमाला संगीत राहत नाही. लय किंचित वाढवायची किंवा कमी करायची असेल तर संपादनाची साधने स्वर न बदलता ते करू देतात; मात्र हा बदल थोडाच ठेवावा, कारण जास्त ताणल्यास तालवाद्यांचा ठोका आणि गायकाचा आवाज कृत्रिम वाटू लागतो. काम नेहमी मूळ, न दाबलेल्या (अनकॉम्प्रेस्ड) ध्वनिफितीवर करावे आणि शेवटी एकदाच स्पर्धेला हव्या त्या स्वरूपात रूपांतर करावे. एकूण लांबी मर्यादेच्या टोकाला नेऊ नये. थकलेला स्केटर शेवटची गिरकी दोन सेकंद उशिरा संपवतो, आणि तेवढ्यासाठी गुण गमावणे टाळता येते.

रिंकवर ऐकून पाहावे

कानाला लावलेल्या हेडफोनमधील ध्वनी आणि रिंकमधील ध्वनी यांत जमीन-अस्मानाचा फरक असतो. बर्फ, भिंती आणि रिकाम्या खुर्च्या आवाज परत फेकतात, त्यामुळे खालच्या पट्टीतील स्वर एकमेकांत मिसळून गढूळ होतात आणि हलके पियानो किंवा बासरीचे सूर शीतकरण यंत्रांच्या गुणगुणीत बुडतात. कापणी झाली की ध्वनिफीत रिंकच्या यंत्रणेवर वाजवावी आणि बर्फाच्या चारही कोपऱ्यांतून तसेच परीक्षकांच्या जागेवरून ऐकावी. शांत भाग ऐकू येत नसेल तर त्याची पातळी थोडी उचलावी, परंतु सर्व काही सारख्याच मोठ्या आवाजात आणू नये, नाहीतर चढउतार नाहीसा होतो.

आणखी एक गोष्ट क्वचितच लक्षात घेतली जाते. आंतरराष्ट्रीय मापाचा रिंक ६० मीटर लांब आणि ३० मीटर रुंद असतो, आणि थंड हवेत ध्वनी सेकंदाला साधारण ३३५ मीटर जातो. ध्वनिक्षेपक केवळ एका टोकाला असतील तर दुसऱ्या टोकाला संगीत सुमारे ०.१८ सेकंद उशिरा पोहोचते. दर मिनिटाला १२० मात्रांच्या लयीत ही एकतृतीयांश मात्रेहून अधिक दिरंगाई आहे. म्हणून अतिद्रुत, बारीक ठेक्यावर अवलंबून असलेले प्रसंग दूरच्या टोकाला ठेवण्याचे टाळावे, आणि ‘स्केटर मागे राहतो’ असा ठपका ठेवण्यापूर्वी तो कोठे उभा असताना मागे राहतो हे पाहावे.

हक्क आणि कागदपत्रे

संगीताच्या हक्कांना दोन बाजू असतात : रचनेचा हक्क आणि ध्वनिमुद्रणाचा हक्क. शोपँ यांचे निधन १८४९ मध्ये झाले, त्यामुळे त्यांची रचना कोणीही वापरू शकतो. पण आजच्या पियानोवादकाने केलेले तिचे ध्वनिमुद्रण त्या वादकाचे किंवा कंपनीचे असते. २०२२ च्या बीजिंग ऑलिंपिकमधील एका अमेरिकन जोडीच्या शॉर्ट प्रोग्रॅममधील ध्वनिमुद्रणावरून न्यायालयात दावा दाखल झाला. ते गाणे पारंपरिक होते, वाद ध्वनिमुद्रणाचा होता. तेव्हापासून परवान्यांबाबत सर्वत्र अधिक काटेकोरपणा आला आहे. रचना पक्की करण्याआधीच, म्हणजे नृत्य बसवण्यात वेळ आणि पैसा खर्च होण्यापूर्वी, परवाना मिळू शकतो का याची चौकशी करावी. रचनेचे नाव, संगीतकार, वादक किंवा गायक, ध्वनिमुद्रण कोणते आणि परवान्याचा पुरावा एकाच ठिकाणी जपून ठेवावा. स्पर्धेच्या प्रवेशपत्रात यातील बरीच माहिती विचारली जाते.

निर्णय केव्हा घ्यावा आणि केव्हा बदलावा

संगीताचा शोध हंगाम संपताच सुरू करावा, कारण नवीन कार्यक्रम अंगात भिनायला उन्हाळ्याचे महिने लागतात. निवडलेल्या रचनेचे दोन-तीन आठवडे केवळ श्रवण करावे. कंटाळा आला, तर तो आताच आला हे चांगले.

हंगामाच्या मध्यावर कार्यक्रम जमत नाही असे स्पष्ट झाले, तर बदल करण्यास घाबरू नये, परंतु तो घाईने नव्या रचनेकडे न जाता ओळखीच्या रचनेकडे करावा. युझुरु हान्यूने २०२० च्या फेब्रुवारीत, हंगाम चालू असताना, शोपँच्या पहिल्या बॅलडवरील आणि ‘सेइमेई’ या आपल्या जुन्या कार्यक्रमांकडे परतून फोर कॉन्टिनेन्ट्स ही स्पर्धा जिंकली. नेथन चेनने २०२१-२२ चा हंगाम वेगळ्या संगीताने सुरू केला होता. ऑलिंपिकपूर्वी तो दोन वर्षांपूर्वीच्या कार्यक्रमांकडे वळला आणि बीजिंगमध्ये त्याला सुवर्णपदक मिळाले. या दोघांच्या शरीराला त्या संगीतातील प्रत्येक मात्रा आधीपासून माहीत होती, म्हणून इतक्या उशिराचा बदल शक्य झाला. यासाठी प्रत्येक कार्यक्रमाची अंतिम ध्वनिफीत, न कापलेले मूळ ध्वनिमुद्रण, मात्रांचा नकाशा आणि सरावाचे चित्रीकरण वर्षनिहाय जतन करून ठेवावे. नव्या हंगामाची नियमावली आली की त्यातील वेळ आणि उड्यांच्या अटींशी जुनी ध्वनिफीत पडताळून पाहावी, आणि गरज पडल्यास ती मूळ ध्वनिमुद्रणावरून नव्याने कापावी.